पंख्याचा रिमोट

भिंतीवरचा रेग्युलेटर फिरवला की पंख्याचा वेग बदलत असे, ही सोय कोणाच्या डोळ्यांत खुपली? आता ७५ वॅटऐवजी जेमतेम ३० वॅट खाणारा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा घ्यायचा, रेग्युलेटर उपटून फेकायचा, आणि रिमोट जोडण्यासाठी भिंतीवरचे बटण बंद-चालू करून काही सेकंदांच्या आत सांगितलेली कळ दाबून धरायची. पंख्याने ‘पीं’ केले तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मंगळवार पेठेतल्या आमच्या आजीने ऐन मे महिन्यात ही कवायत करायची काय? शिवाय एका खोलीत दोन पंखे असले की कधीकधी एकाच रिमोटला दोघेही ओ देतात! तो हरवला, तर दुकानदार शांतपणे म्हणतो, “पावणं, कंपनीकडनंच मागवाय लागतोय.” तोवर वहीने वारा घ्यायचा?