वेंडर निवडावा पोर्टलने, हळहळावे आपण

परचेसच्या प्रमुखपदी तुमची नेमणूक झाली, त्याबद्दल अभिनंदन. तुमच्या आधीच्या साहेबांना भोसरीपासून चाकणपर्यंतचे वेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, तोंडपाठ होते. कुणाच्या शॉपमध्ये कुठलं मशीन आहे, कुणाचा मशीन लावून देणारा सेटर सोडून गेलाय, कुणाचा मुलगा धंद्यात लक्ष घालत नाही, सगळं ठाऊक. असल्या माहितीला हल्ली डेटा म्हणत नाहीत. शिवाय माणूस म्हटला की लागेबांधे आले, दिवाळीचे मिठाईचे बॉक्स आले. म्हणून मॅनेजमेंटने वेंडरचं आपोआप मूल्यांकन करणारं पोर्टल घेतलं. आता ते चालवायचं कसं, एवढंच तुम्हाला शिकायचं आहे.

आधी निकष. हा उद्योग जुना आहे. डिक्सन नावाच्या अभ्यासकाने 1966 मध्ये खरेदी अधिकाऱ्यांना विचारून 23 निकषांची क्रमवारी लावली होती. गुणवत्ता पहिली, वेळेवर पुरवठा दुसरा, किंमत सहावी. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगा. सर्वेक्षणात किंमत सहावीच असते. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सुटताना ती रांग मोडून पुढे येते, तो भाग वेगळा.

या निकषांना वजन द्यायला थॉमस साटी यांची पद्धत आहे. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे आणि 1 ते 9 मध्ये सांगायचं की यातला कोणता किती महत्त्वाचा. तुमची उत्तरं आपापसात जुळतात का, हेही ती तपासते. विसंगती 10 टक्क्यांच्या आत असली की झालं. पण ती फक्त विसंगती तपासते, हेतू नाही. तेव्हा ऑर्डर कुणाला द्यायची ते आधी ठरवा आणि तो वर येईपर्यंत आकडे हलवत बसा. हलवताना सुसंगतपणे हलवा, म्हणजे झालं. शेवटी गुण येतात ते दशांश चिन्हापुढे चार आकडे घेऊन, आणि चार आकडे पाहिले की ऑडिटरसुद्धा पुढचं पान उलटतो.

गुणवत्ता मोजायची पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती नग खराब. इथे एक सुंदर सोय आहे. छोट्या वेंडरने 200 नग दिले आणि त्यातला एक रिजेक्ट झाला, तर त्याचा पीपीएम 5000. मोठ्याने एक लाख दिले आणि 300 रिजेक्ट झाले, तर 3000. एक नग परत पाठवणारा सी ग्रेडमध्ये गेला आणि 300 नग सॉर्टिंगला बसवणारा बी ग्रेडमध्ये राहिला, यात पक्षपात कुठे आहे? भागाकार आहे. छोट्याकडून एट-डी (8D) रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि उपाय काय केला याचा फॉर्म, मात्र जरूर मागा. तो मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ लिहील, उपायाच्या रकान्यात ‘ट्रेनिंग दिले’ लिहील. तुम्ही मंजूर करा. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन तुमच्याच ऑफिसातून गेली होती, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

खरी कला आहे ती डिलिव्हरी रेटिंगमध्ये. त्यासाठी शेड्यूल, म्हणजे कुठला माल कधी हवा याचं वेळापत्रक, बुधवारी संध्याकाळी सहाला बदला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, प्लेटिंगवाला बंद, हीट ट्रीटमेंटवाला बंद. मटेरियल मागा शुक्रवारी सकाळचं. ‘शेड्यूल स्वीकारले’ हे बटण दाबल्याशिवाय वेंडरला पोर्टलवर पुढचं पान उघडत नाही, त्यामुळे त्याची संमती तुमच्याकडे लेखी आली.

तरीही काही चिवट लोक शुक्रवारी टेम्पो आणतातच. घाबरू नका, गेट आहे. सकाळी साडेदहाला टेम्पो लागला की आधी ड्रायव्हरच्या पायात सेफ्टी शूज आहेत का ते बघायचं. मग लेबलचा क्यूआर कोड स्कॅन होत नाही. मग अनलोडिंगच्या जागी दुसरी गाडी उभी असते. मग स्टोअरचं जेवण. जेवणानंतर सर्व्हर स्लो. साडेचारला माल उतरला, की स्टोअरवाल्याने म्हणायचं, ‘जीआरएन उद्या करतो.’ जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद. उद्या म्हणजे शनिवार, आणि पोर्टल तारीख धरतं ती जीआरएनची. ड्रायव्हरकडे गेटचा शिक्का मारलेलं चलन असतं, पण चलन कागदाचं असतं आणि आपण पेपरलेस आहोत.

हाच वेंडर सी ग्रेडमध्ये पोचला, की त्याचा फोन नंबर जपून ठेवा. एका रात्री अकरा वाजता ए ग्रेडवाल्याचं डाय मोडेल. तेव्हा पोर्टल उघडू नका. सरळ फोन लावा आणि आवाज मऊ करा. ‘काका, झोपला नाहीत ना? तेवढे पाचशे पीस सकाळच्या शिफ्टला द्या, नाहीतर लाइन उभी राहील.’ काका कुरकुरतील, पण नाइटला माणूस थांबवतील आणि पहाटे स्वतःच्या गाडीच्या डिकीत माल घालून गेटवर येतील. माल घ्या, चहा पाजा. या पुरवठ्याला शेड्यूल नव्हतं, त्यामुळे सिस्टममध्ये तो ‘शेड्यूलबाह्य’ म्हणून पडतो आणि काकांचे आणखी दोन गुण जातात. त्याला तुम्ही काय करणार? सिस्टमच तशी आहे.

कुणी जपानचं उदाहरण देऊन तुमचं डोकं खाईल. 1 फेब्रुवारी 1997 रोजी कारिया इथे टोयोटाला भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत होता आणि साठा जेमतेम काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले कारखाने बंद पडले. मग आसपासच्या पुरवठादारांनी ड्रॉइंग मागवून घेतली, पैशांचं नंतर बघू म्हणून मिळतील त्या मशीनवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले, आणि काही दिवसांत गाड्यांचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. त्यात शिलाई मशीन बनवणारी एक कंपनीही होती. आता सांगा, आपल्या पोर्टलवर ‘ब्रेकच्या कामाचा पूर्वानुभव’ या रकान्यात शिलाई मशीनवाल्यांना किती गुण मिळाले असते? पहिल्याच पानावर लाल अक्षरं आली असती. टोयोटाचं नशीब की आपलं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे नव्हतं.

राहता राहिलं पेमेंट. पोर्टलमध्ये वेंडरसाठी ढीगभर रकाने आहेत, आपण पैसे किती दिवसांनी देतो यासाठी एकही नाही. ती चूक नाही, ते डिझाइन आहे. 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2024 पासून तर आयकरातही अडचण झाली, उशिरा दिलेल्या पैशांची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. पण कायदा नीट वाचणाऱ्याला वाट सापडते. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, आणि माल आल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती दूर होईपर्यंत स्वीकारच होत नाही. तेव्हा चौदाव्या दिवशी हरकत घ्या. पॅकिंगचा खोका दोन इंचांनी मोठा आहे, एवढी पुरते. तीच हरकत क्वालिटी रेटिंगलाही लागते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. वेंडर तक्रार करायला जाईल का? जाऊ शकतो, सरकारचं तक्रारीसाठी पोर्टल आहे. पण जो तिकडे गेला त्याला पुढचा पीओ कोण देणार, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

वर्षाअखेरीस वेंडर मीट घ्या, चांगल्या हॉटेलात. ए ग्रेडवाल्यांना ट्रॉफी द्या, सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढा. पहिल्या स्लाइडवर ‘आपण सारे एक परिवार’ आणि दुसरीवर यंदाची पाच टक्के दरकपात. ही दुसरी स्लाइड जेवणानंतर दाखवा. आधी दाखवली तर श्रीखंडाची वाटी कुणी उचलत नाही, आणि हॉटेलवाला पैसे माणशी घेतो.