‘छोट्या सेन्सरचा कॅमेरा गळ्यात मारला’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही सविस्तर देतो. किती तारे द्यायचे हा तुमचा हक्क, त्यावर बोलत नाही. जे इथे नव्याने वाचतील त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: रोज जवळ बाळगता येईल असा हलका मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) मागितला आणि आम्ही मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या मोठ्या चिपचा, फुल फ्रेम सोडून त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरचा दिला. संध्याकाळनंतर घरात मुलांचे फोटो हललेले आणि दाणेदार येतात, मोबाइलवर त्यापेक्षा उजळ येतात. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही. बॅटरी दिवसभर पुरत नाही. आणि झूम लेन्स असताना ३५ मिमी, एफ १.८ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) ‘उगाच खपवली, ती अजून खोक्यातच आहे’.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण हललेल्या फोटोंचं कारण तिथेच सापडतं. प्राइम खोक्यात आहे म्हणजे ते सगळे फोटो कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट झूमने काढलेले आहेत. दिवसाउजेडी ही झूम छान काम करते, पण लांबच्या टोकाला ती एफ ६.३च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). एफ १.८ला सेन्सरवर पोचणारा प्रकाश त्याच्या सुमारे १२ पट असतो. घरातल्या दिव्यात झूमवर कॅमेरा १/१५ सेकंदाचा शटर स्पीड धरत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) प्राइमने तो १/१८०च्या आसपास जातो. १/१५ला पळणारं मूल हललेलंच येणार, कॅमेरा कुठलाही असो.

आता फुल फ्रेमने काय साधलं असतं? ३६ बाय २४ मिमीच्या त्या सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या साधारण सव्वादोन पट. फायदा खरा आहे, एका स्टॉपपेक्षा, म्हणजे दुप्पट प्रकाशापेक्षा, थोडा जास्त. पण तुमच्या बजेटात त्या बॉडीबरोबर पुन्हा तशीच मंद किट झूमच येत होती. म्हणजे सव्वादोन पटीसाठी बारा पट सोडायची. हिशेब आम्ही असा मांडला होता, आणि आजही तसाच मांडू.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलंय की हल्ली फुल फ्रेमही हलके आले आहेत. अगदी बरोबर. सोनीचा फुल फ्रेम ए७सी २ बॅटरी आणि कार्डासह ५१४ ग्रॅम भरतो आणि त्याच कंपनीचा एपीएस-सी ए६७०० भरतो ४९३. फरक २१ ग्रॅम, खिशातल्या किल्ल्यांपेक्षाही कमी. नुसत्या बॉडीचे आकडे बघून ठरवायचं असेल तर फुल फ्रेम न घेण्याचं काही कारणच उरत नाही.

अडचण लेन्स लावली की सुरू होते. मिररलेसमध्ये आरसा गेला, त्यामुळे बॉडी पातळ झाली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर होतं, झेड माउंटमध्ये ते १६ मिमीवर आलं. पण लेन्सला जेवढा सेन्सर प्रकाशाने भरायचा आहे तो तेवढाच राहिला, आणि काच त्या हिशेबाने लागते. सिग्माच्या दोन झूम शेजारी ठेवून बघा. दोन्ही झूमच्या दोन्ही टोकांना एफ २.८, दोन्हींत दिसणारा टप्पा जवळपास सारखा. एपीएस-सीसाठीची १८-५० मिमी सोनी माउंटमध्ये २९० ग्रॅम, फुल फ्रेमसाठीची २८-७० मिमी ४७० ग्रॅम. सोनीची स्वतःची २४-७० जीएम २ घेतलीत तर ६९५ ग्रॅम, म्हणजे बॉडीपेक्षा लेन्स जड. आज बॉडी, पुढच्या वर्षी चांगली लेन्स, असं करत करत लोक त्याच वजनाला पोचतात जे टाळायला ते मिररलेसकडे आले होते.

म्हणूनच आम्ही कॅमेरा लेन्ससकट गळ्यात अडकवून थोडं फिरायला सांगतो. तुम्ही त्याला ‘नाटक’ म्हटलंय. म्हणा. पण त्या फेरीनंतर फुल फ्रेमचा संच तुम्हीच टेबलावर परत ठेवला होता, आणि मला तो निर्णय तेव्हाही पटला, आत्ताही पटतो. रोजच्या फोटोंसाठी कॅमेरा रोज बाहेर न्यावा लागतो. लग्नसमारंभाचं काम करायचंय, मोठे प्रिंट काढायचेत, अंधाऱ्या सभागृहात कार्यक्रम टिपायचेत, असं कुणी सांगितलं तर मी स्वतः फुल फ्रेम पुढे करतो. तुमची गरज ती नव्हती.

मोबाइलशी तुलना मात्र रास्त आहे. मोबाइल बटण दाबल्यावर लागोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, दाणे पुसतो आणि तयार फोटो हातात देतो. आपला कॅमेरा एकच फ्रेम घेतो, जशी आहे तशी. शांत बसलेल्या माणसाचा रात्रीचा फोटो लगेच पाठवायचा असेल तर खुशाल मोबाइलने काढा, मीही तेच करतो. पण विषय हलायला लागला की त्या फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत, गालाची त्वचा मेणासारखी होते. तिथे मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स कामाला येते.

स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. मुलाचं पळणं ते थांबवू शकत नाही. चालता चालता व्हिडिओ काढणार असाल किंवा तिन्हीसांजेला स्थिर देखावे टिपणार असाल तर त्याचा उपयोग मोठा. आणि ते सेन्सरच्या आकारावर अवलंबून नसतं: कॅननच्या फुल फ्रेम आर८च्या बॉडीत ते नाही, ओएम-५ या मायक्रो फोर थर्ड्सच्या (एपीएस-सीहूनही लहान सेन्सर) ४१४ ग्रॅमच्या कॅमेऱ्यात आहे.

बॅटरीचं सगळ्याच मिररलेसचं रडगाणं आहे, कारण कॅमेरा चालू असेपर्यंत सेन्सर आणि स्क्रीन सतत चालूच असतात. आपोआप बंद होण्याची वेळ कमी करा, एक जादा बॅटरी ठेवा. याहून हुशारीचा उपाय माझ्याकडे नाही.

आता घरी करून बघण्यासारखं. प्राइम लावा. डायल ए किंवा एव्हीवर (लेन्स किती उघडायची ते आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा), अ‍ॅपर्चर एफ २. ऑटो आयएसओ चालू, कमाल मर्यादा ६४००, किमान शटर स्पीड १/२५०. प्रकाश फारच कमी पडला तर कॅमेरा १/२५०च्या खाली येईल; तेव्हा मर्यादा १२८००वर न्या. दाणे दिसतील, पण दाणेदार फोटो घरात लावता येतो, हललेला डोळा कशानेच सुधारत नाही. फोकस चेहरा-डोळे ओळखण्यावर आणि सतत फोकसवर ठेवा. दोन मुलं पुढेमागे असतील तर एफ २.८ करा, नाहीतर मागचं धूसर येईल. आणि हो, ३५ मिमी एपीएस-सीवर खोलीत थोडी अरुंद वाटते, ते मान्य. दोन पावलं मागे सरकावं लागतं, भिंत आडवी आली की पंचाईत होते. तुमच्या खोल्या लहान असतील तर ती बदलून २३ मिमीच्या आसपासची, जास्त भाग मावणारी देऊ. लेन्स वापरलेलीच नाही, त्यामुळे त्यात कापाकापी नाही.

बॉडीचे पूर्ण पैसे परत करता येणार नाहीत, ती वापरात आहे. पण आमचा दाखवायचा फुल फ्रेम संच शनिवार-रविवार घरी न्या, त्याच दिव्यात, त्याच मुलांवर दोन्ही कॅमेरे चालवा. तरी फुल फ्रेमच हवा वाटला तर तुमची बॉडी वापरलेल्या मालाच्या दराने घेऊ. एक मात्र आधीच धरून चाला: या एपीएस-सी लेन्स फुल फ्रेमवर लावल्या तर फक्त सेन्सरचा मधला भाग वापरात येतो. ए७सी २चे ३३ मेगापिक्सेल तिथे १४वर येतात. म्हणजे बदल बॉडीपुरता राहणार नाही, लेन्सचा खर्चही त्यात मोजावा लागेल.