कम्युनिटी कॉलेजच्या शेती-व्यवसायाच्या पदवीला किंमत किती?

परवा मामीचा फोन आला होता. लेकीचं कसं चाललंय विचारलं. मी सांगितलं, इथल्याच कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजात, ॲग्रिकल्चर बिझनेस करतेय, दोन वर्षांची पदवी. मामी जरा थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं, मग अमेरिकेला जाऊन काय मिळवलंत? शेतीच शिकवायची होती तर तासगावात काय कमी होतं?" मामीच्या मनात वाकडं काही नव्हतं, तिला खरंच वाईट वाटलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र मला रात्रभर झोप लागली नाही, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला इथल्या आपल्या लोकांनीही विचारलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ राहतो. सेल्मा हे गाव स्वतःला बेदाण्याची जागतिक राजधानी म्हणवतं, ते आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. मी तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागेत वाढलेली. इथे ऑगस्टच्या शेवटी बागेच्या दोन ओळींमध्ये कागद अंथरून त्यावर घड वाळत घातलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्याकडे शेडमध्ये रॅकवर सावलीत सुकवतात, इथे उघड्या उन्हात जमिनीवर. पण मूळ वाण तेच, थॉमसन सीडलेस. गेली नऊ वर्षं मी एका पॅकिंग हाऊसमध्ये हिशेब बघते. त्यामुळे इथे शेतीतला पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो, हे मला रोज दिसतं.

आधी सरळ खर्चाचं बोलू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (आपल्याकडच्या क्रेडिटसारखं अभ्यासाचं माप) ४६ डॉलर आहे. २०१२ पासून ती वाढलेली नाही. पदवीला ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. पुस्तकं, पेट्रोल वेगळं. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना बऱ्याच ठिकाणी हीसुद्धा माफ होते. चार वर्षांच्या पदवीची हीच पहिली दोन वर्षं कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत केली असती तर २०२४-२५ च्या दराने नुसती ट्यूशन वर्षाला ६,०८४ डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे बारा हजारांवर. हॉस्टेलचा खर्च धरला तर तो ट्यूशनहूनही मोठा. लेक घरी राहते, घरचं जेवते आणि शनिवार-रविवार एका रोपवाटिकेत काम करते. आमच्यावर एक डॉलरचंही शैक्षणिक कर्ज नाही. माझ्या ऑफिसात तिशी उलटलेली माणसं अजून कॉलेजचे हप्ते भरताना बघते, म्हणून ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता पगार. अमेरिकेच्या सरकारी कामगार आकडेवारीत २०२३ साली फक्त हायस्कूल झालेल्याची आठवड्याची मधली कमाई (निम्म्यांची याहून जास्त, निम्म्यांची कमी) ८९९ डॉलर होती, दोन वर्षांची पदवी असलेल्याची १,०५८ आणि चार वर्षांच्या पदवीवाल्याची १,४९३. हायस्कूल आणि दोन वर्षांची पदवी यांत वर्षाला आठ हजार डॉलरचा फरक. फी पहिल्या वर्षातच वसूल. पण हे आकडे सगळ्या विषयांचे, सगळ्या देशाचे आहेत. शिवाय दोन आणि चार वर्षांमधली दरी पहिल्या दरीपेक्षा कितीतरी मोठी आहे, तेही त्यातच दिसतं. हे लपवून मी दोन वर्षांच्या पदवीची भलामण करणार नाही.

आमच्या पॅकिंग हाऊसमध्ये या मुलांना कशावर घेतात तेही सांगते. मुकादमाच्या वरची आणि मॅनेजरच्या खालची एक फळी असते. कुठल्या बागेतून किती माल आला, कुठला लॉट परत गेला, औषधांच्या नोंदी कायद्याप्रमाणे आहेत का, ट्रक कधी भरायचा, हे बघणारी. तिथे स्पॅनिश बोलता येणं, एक्सेल येणं आणि मातीत बूट घालून उभं राहण्याची लाज नसणं, या तिन्ही गोष्टी असलेला माणूस मिळत नाही. मिळाला की त्याला सोडत नाहीत.

पण मला खरी किंमत कळली ती वेगळ्याच दिवशी.

दुसऱ्या सत्रात लेकीला एका पिकाचा पूर्ण खर्च-उत्पन्नाचा ताळेबंद करायचा होता. यूसी डेव्हिस विद्यापीठ गेली कित्येक वर्षं पीकवार असे अभ्यास काढतं. त्यात मशागतीपासून काढणीपर्यंत प्रत्येक फवारणीचा, प्रत्येक तासाचा खर्च मांडलेला असतो. त्या पद्धतीने कुठलंही पीक घ्या, असं सांगितलं होतं. हिने माझ्या वडिलांची बाग घेतली. तीन एकर, तासगाव तालुक्यातली, बेदाण्याची. चार रविवार ती आबांशी व्हिडिओ कॉलवर होती. खरड छाटणीची मजुरी, ऑक्टोबर छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, शेडचं भाडं, दुकानदाराची उधारी, सोसायटीचं व्याज. आबांना सगळं तोंडपाठ. मग तिने विचारलं, "आबा, तुम्ही सकाळी सहापासून बागेत असता. त्याचे किती धरू?"

आबा म्हणाले, "माझं कशाला धरतीस? मी काय मजूर हाय व्हय?"

"आणि आजीचं?"

आबा काहीच बोलले नाहीत.

तिने दोघांची मजुरी धरली. मांडवाच्या अँगल आणि तारांचा घसारा धरला. हीच जमीन खंडाने दिली असती तर काय मिळालं असतं, तेही धरलं. ज्या चार हंगामांना आमच्या घरात 'बरे गेले' म्हणायचे, त्यातले दोन तोट्याचे निघाले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. माझ्या लहानपणी आई पहाटे चारला उठून डिपिंगच्या बायकांचा चहा करायची, ते सगळं काम कुठल्याही वहीत कधीच आलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीने ते एका रकान्यात मांडलं. हे शिक्षण २,७६० डॉलरमध्ये मिळत असेल तर ते स्वस्त आहे, एवढंच मला कळतं. माझ्या वडिलांना ते तिशीत मिळालं असतं तर त्यांनी तिसरा एकर कर्ज काढून लावला नसता.

कुणी म्हणेल, हे इथल्या मोठ्या शेतकऱ्यांना लागू नाही. लागू आहे. २०१४ साली इथे बदामाला पौंडाला सरासरी ४ डॉलर भाव होता. लोकांनी द्राक्षबागा उपटल्या आणि कर्ज काढून बदाम लावले. २०२२ पर्यंत भाव दीड डॉलरच्याही खाली आला, आणि दरम्यान भूजल उपशावर मर्यादा आणणारा कायदा अंमलात येत गेला. त्या बागा आता बँकेच्या नावावर जाताना मी बघितल्यात. चार डॉलरचा भाव कायम धरून पंचवीस वर्षांच्या झाडाचा हिशेब करायचा नसतो, हे वर्गात पहिल्याच वर्षी शिकवतात.

आणखी एक फायदा फार जणांना माहीत नाही. इथे नव्याने शेती विकत घेणाऱ्याला कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी थेट कर्ज देते, जमीन घ्यायला ६ लाख डॉलरपर्यंत. त्यासाठी तीन वर्षांचा शेती सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, पण शेतीविषयक शिक्षणाचे १६ क्रेडिट असतील तर त्यातला काही भाग भरून निघतो. ज्या मुलांच्या घरात जमीन नाही, ज्यांचे आईबाप दुसऱ्याच्या बागेत द्राक्षं तोडतात, त्यांच्यासाठी हा दरवाजा आहे. लेकीच्या वर्गात अशी निम्मी मुलं आहेत.

आता जिथे पैसे आणि वर्षं वाया जातात ते. आमच्या शेजारच्या मुलाला त्याच्या कॉलेजातल्या सल्लागाराने जे विषय घ्यायला लावले, त्यातले चार पुढे विद्यापीठाने धरलेच नाहीत. एक वर्ष गेलं. त्याच्या आईचा रडवेला चेहरा मी विसरले नाही. म्हणून सांगते, पदवीच्या नावापुढे 'फॉर ट्रान्सफर' (पुढे विद्यापीठात जाण्यासाठी) आहे का ते पहिल्या दिवशी बघा. २०१० च्या कायद्याने ही पदवी आली. ती असेल तर स्टेट युनिव्हर्सिटीत जागा नक्की, हवा तोच कॅम्पस मिळेल असं नाही, पण त्याच विषयात उरलेल्या ६० युनिटांत चार वर्षांची पदवी पूर्ण होते. शिवाय प्रत्येक विषय कुठे धरला जातो हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. सल्लागाराच्या शब्दावर सोडू नका.

शेवटचं, सांगलीहून मला मेसेज करणाऱ्या मुलांसाठी. तुम्हाला एजंट हाच कोर्स 'स्वस्त अमेरिकन पदवी' म्हणून विकतोय. ४६ डॉलरचा दर तुमच्यासाठी नाही. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला युनिटला तीनशे-चारशे डॉलरच्या घरात पडतात, म्हणजे फक्त फी अठरा ते चोवीस हजार, राहणं-जेवण निराळं. पदवीनंतर कामाची परवानगी एक वर्षाची. पुढच्या एच-वन-बी व्हिसाला किमान चार वर्षांच्या तोडीची पदवी लागते. त्यासाठी वडिलांना बाग गहाण टाकायला लावू नका. अर्ज भरण्याआधी फीचा कागद मला पाठवा. दिवसभर ऑफिस असतं, पण भारतातल्या सकाळी मी जागी असते, बसून आकडा आकडा बघू.