१५ मीटरचा कॅमेरा २ मीटरवर का गेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिचं उत्तर दोन ओळींत देणं तुमच्यावर अन्याय ठरेल, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पाण्यात वापरायचा कॅमेरा घेताना खोलीच्या आकड्याआधी त्याची झाकणं बघा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचा अनुभव असा: १५ मीटर लिहिलेला, तीन महिन्यांपूर्वी घेतलेला कॅमेरा स्नॉर्केलिंगला नेला, २ मीटरच्या खाली गेलाच नाही, तरी आत पाणी शिरलं. सर्व्हिस सेंटरने 'झाकण नीट लावलं नव्हतं' असं सांगून वॉरंटी नाकारली. झाकणाचंच पालुपद लावून मी कंपन्यांची वकिली करतो, असा तुमचा आक्षेप आहे. शिवाय तुम्ही विचारलंत, की मग आयपी६८ फोनच का नेऊ नये (आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारं मानक, शेवटचा ८ पाण्याचा), आणि नवा कॅमेरा घ्यायचाच तर कोणता?

वॉरंटीबद्दल तुमचा राग रास्त आहे. खोक्यावर प्रवाळाचे फोटो छापायचे आणि पाणी शिरलं की आधी ग्राहकाकडे बोट दाखवायचं, हे मला पटत नाही. झाकण नीट लागलं नसेल तर कॅमेऱ्याने ठणकावून सांगायला हवं. काही मॉडेल्समध्ये तसा इशारा येतो, पण सगळ्यांमध्ये नाही. इथवर आपलं एकमत आहे.

पण झाकणाचा मुद्दा मी सोडणार नाही. तो तुमच्याच बाजूचा मुद्दा आहे.

१५ मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण दीड वातावरणाने (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या दीडपट) जास्त असतो, २ मीटरवर जेमतेम ०.२ ने. म्हणजे २ मीटरवर कॅमेरा अगदी सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. सील मात्र असं वागत नाही. झाकणाच्या कडेला रबराची किंवा सिलिकॉनची कडी असते, तीच ओ-रिंग. बऱ्याच रचनांमध्ये बाहेरून दाब वाढला की झाकण आत रेटलं जातं आणि ओ-रिंग जास्त घट्ट बसते. उथळ पाण्यात हा रेटा फारच कमी असतो, सगळी भिस्त खिटीवर. कडीवर एखादा केस, वाळूचा कण किंवा पट्ट्याचा धागा अडकला असेल तर पाणी पहिल्या मीटरभरातच वाट काढतं. हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायची जलरोधक पेटी, वापरणाऱ्या डायव्हर्सना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते पाण्यात शिरल्यावर आधी वरच थांबून बुडबुडे येतात का ते बघतात. तेव्हा २ मीटरवर गळती झाली म्हणजे खोलीचा आकडा खोटा होता, असं सिद्ध होत नाही. खोलीचा आणि तुमच्या गळतीचा बहुधा संबंधच नव्हता.

आता त्या आकड्याचा अर्थ. आयपी मानकात आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो. म्हणून नुसता '८' बघून दोन वस्तूंची तुलना करता येत नाही. ही चाचणी नव्या वस्तूची, गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. तिच्यात फवाऱ्याचा मारा नसतो. त्याची चाचणी वेगळी, आयपीएक्स५ आणि ६. कॅमेरा हातात धरून बोटीवरून उडी मारली, किंवा लाटेचा तडाखा थेट झाकणावर बसला, की क्षणभर पडणारा दाब त्या खोलीच्या हिशोबात बसत नाही.

तापमानाची गोष्ट तर फार कमी लोक बोलतात. आयपीएक्स७ च्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा, अशी अट आहे. आपण काय करतो? कॅमेरा उन्हात ठेवतो आणि तापलेला तसाच पाण्यात नेतो. आतली हवा ४५ अंशांवरून २५ वर आली तर तिचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. अर्ध्या मीटरहून थोडं जास्त खोल गेल्यावर जेवढा दाब वाढतो, तेवढाच हा फरक. एकट्याने तो सील फोडणार नाही, पण सीलवर कण बसलेला असेल तर पाणी आत ओढायला पुरेसा आहे. सील शाबूत असलं तरी आतली दमट हवा थंड होऊन काचेवर धुकं धरते आणि अख्ख्या दिवसाचे फोटो वाया जातात. झाकण कोरड्या, थंड जागी बंद करा आणि पाण्यात जाईपर्यंत कॅमेरा सावलीत ठेवा.

हे सगळं खरेदीच्या वेळी बघा असं मी का म्हणतो? कारण झाकणं कशी आहेत हे नंतर बदलता येत नाही. झाकणं किती आहेत? एक असेल तर उत्तम, कारण प्रत्येक झाकण ही पाण्याला आत यायची एक वाट. खिटीला दुसरं लॉक आहे का? कडी डोळ्यांना दिसते का आणि बोटाने पुसता येते का? सील बदलून मिळतं का? दरवर्षी सील बदलून घ्या, असं काही उत्पादक स्वतःच सांगतात. म्हणजे ती झिजणारी वस्तू आहे हे त्यांनाही मान्य आहे, फक्त ते खोक्यावर ठळक छापत नाहीत. निकॉनने १९६३ मध्ये निकोनॉस हा पाण्याखालचा फिल्म कॅमेरा आणला. त्याचं मूळ फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्यासाठी बनलेल्या कॅलिप्सो कॅमेऱ्यात. त्याच्या ओ-रिंग वापरणाऱ्याने काढायच्या, पुसायच्या, ग्रीस लावून परत बसवायच्या, हे गृहीतच होतं. आजच्या छोट्या कॅमेऱ्यांना मात्र मॅन्युअल सांगत असेल तरच ग्रीस लावा. उगाच लावलेल्या ग्रीसला वाळू चिकटते.

फोनबद्दल. अलीकडचे आयपी६८ आयफोन ६ मीटर, ३० मिनिटं असं सांगतात, आणि त्याच पानावर हेही लिहिलेलं असतं की हे संरक्षण कायमचं नाही आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. फोन चुकून पाण्यात पडला तर वाचावा, यासाठी ती सोय आहे. समुद्रात तासभर पोहत फोटो काढणं हा वेगळा वापर झाला. त्यात टचस्क्रीन पाण्याखाली धड चालत नाही. आणि गेला तर फोटोंबरोबर तुमचे संपर्क, बँकेची ॲप, सगळंच गेलं. माझं मत स्पष्ट आहे: जलरोधक केस न घालता फोन समुद्रात नेऊ नका.

मग घ्यायचं काय? तुम्ही लिहिलंय की स्नॉर्केलिंगच करता आणि देखभालीचा कंटाळा आहे. मग ज्याला झाकणच नाही असा कॅमेरा बघा. सीलाइफचा मायक्रो ३.० कायमचा बंद केलेला आहे, मेमरी आतच, ६० मीटरपर्यंत चालतो. बॅटरी बदलता येत नाही, ती दमली की कॅमेरा दमला, ही त्याची किंमत. पण पाणी शिरण्याची तुमची भीती सगळ्यात जास्त कमी करणारा हाच. व्हिडिओच हवा असेल तर ॲक्शन कॅमेरा घ्या, पण हाउसिंगसह. गोप्रो हीरो १२ नुसता १० मीटर, हाउसिंगमध्ये ६० मीटर, आणि हाउसिंग गळालं तरी आतला कॅमेरा स्वतः जलरोधक असतो. हे दुहेरी कवच मला खोलीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. चार्जिंग चालू ठेवायला भोक असलेलं झाकण मात्र पाण्यात चालत नाही, ते आधी बदला. छोट्या जिवांचे जवळून फोटो हवे असतील तर ओएम सिस्टिमचा टीजी-७ घ्या. १ सेंटिमीटरवरून फोकस होतो, रॉ फाइल (नंतर रंग-उजेड सुधारता येणारी कच्ची फाइल) मिळते, नुसता १५ मीटर, पीटी-०५९ हाउसिंगमध्ये ४५. त्याला दोन झाकणं आहेत, दोन्हींना दुहेरी लॉक. पण मग प्रत्येक वेळी ती दोन्ही पुसण्याची तयारी हवी.

कुठलाही घ्या, समुद्रातून आल्यावर झाकण न उघडता थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ वाळलं की त्याचे स्फटिक कडीच्या खाचेत बसतात आणि पुढच्या वेळचं सील बिघडवतात. मग पूर्ण कोरडा करा, आणि उघडताना झाकण खालच्या बाजूला धरा, म्हणजे अडकलेला थेंब आत जाणार नाही.

तुमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी अजून आतच असेल तर आजच काढा आणि ती पुन्हा चार्ज करू नका. समुद्राचं पाणी लागलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल मागा: पाणी कुठल्या झाकणातून शिरलं, सीलवर काही सापडलं का, की सीलच फाटलं होतं. तीन महिन्यांच्या कॅमेऱ्याचं सील फाटलेलं निघालं, तर 'वापरणाऱ्याची चूक' हे उत्तर टिकणार नाही. अहवाल मिळाला की इथे जरूर लिहा, त्यातली भाषा समजून घ्यायला मी मदत करेन.