टक्का घसरला म्हणून मला बोल लावू नका

२०२६ च्या पंधरा जानेवारीच्या संध्याकाळी वृत्तवाहिनीवर एक जाणकार गृहस्थ तावातावाने सांगत होते, की शहरातल्या सुशिक्षित मतदाराला लोकशाहीची चाड उरलेली नाही, बुधवारची संक्रांत आणि गुरुवारची मतदानाची सुट्टी जोडून तो महाबळेश्वर गाठतो आणि मग पाच वर्षे खड्ड्यांच्या नावाने बोटे मोडत बसतो. ते हे सांगत होते तेव्हा मी, म्हणजे त्यांच्या व्याख्येतला तोच सुशिक्षित शहरी मतदार, घरातच होतो. सकाळी पावणेआठपासून दुपारी अडीचपर्यंत तीन मतदान केंद्रे आणि एक क्षेत्रीय कार्यालय पालथे घालून आलो होतो, पायांचे तुकडे पडले होते आणि बोटावर शाईचा ठिपकाही नव्हता. तो दूरचित्रवाणी संच फोडावासा वाटला; हप्ते अजून फिटायचे आहेत म्हणून हात आवरला.

शहराचे आणि कार्यालयाचे नाव मी घेणार नाही. त्या दिवशी राज्यातल्या एकोणतीस महापालिकांचे मतदान होते आणि माझी कहाणी त्यांपैकी बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी आपली म्हणून ओळखेल.

महापालिकेसाठी मतदारांची नवी नोंदणी होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विधानसभेची यादी घ्यायची, या वेळी ती १ जुलै २०२५ रोजीची होती, आणि प्रभागांच्या सीमांप्रमाणे तिचे तुकडे पाडायचे, एवढेच काम असते. त्यासाठी कोणीतरी हातात नकाशा घेऊन रस्त्यावर उभे राहायला हवे आणि ही इमारत सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हे डोळ्यांनी बघायला हवे. आमची इमारत नेमकी सीमेच्या रस्त्यावर आहे. बावीस वर्षे आम्ही तिथेच राहतो. इमारत हललेली नाही, रस्ताही हललेला नाही. तरीही २० नोव्हेंबरला प्रारूप यादी प्रसिद्ध झाली तेव्हा आई आणि मुलगा आमच्या प्रभागात होते, मी आणि बायको शेजारच्या प्रभागात. चौघांचा घर क्रमांक एकच छापलेला होता. एका स्वयंपाकघराच्या मधून प्रभागाची सीमा नेण्याचे हे कौशल्य कोणाचे, ते मला आजतागायत कळलेले नाही.

हे शोधून काढायला मला दोन रात्री लागल्या. यादी संकेतस्थळावर असते खरी, पण कागदांचे फोटो काढून ठेवावेत तशी असते. त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही. एका पानावर तीस चौकटी, अशी शेकडो पाने बोटाने सरकवत जायचे. आडनावाप्रमाणे क्रम नाही, इमारतीप्रमाणे असलाच तर मध्येच तुटलेला. ज्या राज्यात विजेचे बिल, सातबारा आणि देवस्थानाच्या दर्शनाची रांगसुद्धा मोबाइलवर सापडते, तिथे या प्रारूप यादीत मतदाराचे नावच तेवढे शोधता येऊ नये, याला निव्वळ हलगर्जीपणा म्हणायला माझे मन तयार होत नाही.

हरकतींची मुदत वाढवून ३ डिसेंबरपर्यंत केली होती. मी त्याच्या कितीतरी आधी, रजा टाकून, क्षेत्रीय कार्यालयात गेलो. या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेले किंवा विधानसभेच्या यादीत असून इथे गळलेले नाव दुरुस्त करता येते, हे वाचून गेलो होतो. खिडकीतल्या मुलाने ते माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले असावे. "काका, दोघांचे दोन वेगळे अर्ज करा," तो म्हणाला. केले. मतदार ओळखपत्राच्या प्रती, विजेच्या बिलाच्या प्रती, दोन्हींवर सही. त्याने आवकचा शिक्का मारून पोचपावती दिली आणि मी, वय वर्षे पंचावन्न, परीक्षेत पहिला आल्यासारखा घरी आलो. अंतिम यादी लागली तेव्हा बायकोचे नाव आमच्या प्रभागात परत आले होते. आईचे, ज्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, ते शेजारच्या प्रभागात गेले होते. माझे नाव दोन्हीकडे नव्हते.

आता कोणी म्हणेल, की एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा संताप. पण या एका मतासाठी आम्ही किती काळ थांबलो होतो ते तरी बघा. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली, छत्रपती संभाजीनगर यांची तर २०२० मध्येच संपली होती. तिथे जे मूल त्या वर्षी अठरा वर्षांचे झाले, त्याने नगरसेवकासाठी पहिले मत वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी दिले. संविधानाच्या २४३-यू या कलमात पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे स्वच्छ लिहिले आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी असेही लिहिले आहे. अगदी बरखास्त केलेल्या पालिकेची निवडणूकसुद्धा सहा महिन्यांत घ्यावी लागते. आम्हाला कोणी बरखास्तही केले नव्हते. आधी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला, आणि तो प्रश्न खरा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या आडोशाने प्रभागांचा जो पोरखेळ चालला, त्याला काय म्हणावे? २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. मग सरकार बदलले आणि पुन्हा एकाचा ठरला, तेवढ्यात विचार फिरला आणि तिघांचा झाला. पुन्हा सरकार बदलले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो परत चौघांचा झाला. दर वेळी नव्या सीमा, नवे नकाशे, नव्या याचिका. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका उरका असे सांगितले, तरी मुदत वाढवून मागितली गेलीच आणि ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मिळाली. पावणेचार वर्षे वाया घालवलेल्या यंत्रणेला मुदतवाढ मिळते. मतदाराला मात्र हरकत घ्यायला पंधरा दिवसही धड मिळत नाहीत.

मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती म्हणून तो आयुक्तांनीच बघायचा आणि सर्वसाधारण सभा म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचा. मुंबईचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प असाच, एकाही नगरसेवकाचा हात वर न होता, मंजूर झाला. आमच्या पातळीवर याचा अर्थ वेगळा होता. फाटकासमोरचे ड्रेनेजचे चेंबर दर पावसाळ्यात तुंबते. पूर्वी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन आरडाओरडा करता येत असे; तो माणूस काही थोर नव्हता, पण पुढच्या निवडणुकीत मते मागायला यायचे आहे एवढी भीती त्याला होती आणि संध्याकाळपर्यंत जेटिंगची गाडी येत असे. प्रशासकाच्या काळात ॲपवर तक्रार नोंदवायची. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे" असा संदेश यायचा, आणि तो वाचताना मी एका हाताने नाक दाबून त्याच चेंबरला वळसा घालत असायचो.

तर एवढे सगळे सोसून मतदानाचा दिवस उजाडला. अंतिम यादीत नाव दिसले नसले तरी पुरवणी यादीत असेल, या वेड्या आशेने मी गेलो. शाळेच्या वर्गात चौथीच्या बाकावर बसलेल्या कर्मचाऱ्याने गठ्ठा चाळला, पट्टीने ओळी मोजल्या आणि "दुसऱ्या खोलीत बघा" म्हणाला. दुसऱ्या खोलीने तिसरे केंद्र सांगितले. त्या माणसांवर माझा राग नाही. पहाटेपासून उपाशी बसलेली ती, आणि त्यांच्या हातात जी यादी दिली तीच त्यांनी वाचायची. मी मोबाइलवर नाव शोधून दाखवले. तिथे मी होतो, भाग क्रमांकासकट, अनुक्रमांकासकट. "सर, ही विधानसभेची," तो दिलगिरीने म्हणाला. म्हणजे आमदार निवडायला मी या राज्याचा रहिवासी आहे आणि गटार साफ करणारा माणूस निवडायला कुठलाच नाही.

बाहेर शंभर मीटरच्या रेषेपलीकडे पक्षांची टेबले होती. तिथल्या विशीतल्या पोराने आईचे नाव मोबाइलवर टाकले आणि पाच सेकंदांत केंद्र, खोली, अनुक्रमांक, वय असे सगळे सांगून छापील चिठ्ठी हातात ठेवली. वर "काका, आजींना रिक्षा पाठवू का?" असे विचारले. जी माहिती मला दोन रात्री डोळे फोडूनही मिळत नव्हती, ती उमेदवारांच्या खिशात तयार होती. मी रिक्षा नाकारली, स्वतःच्या पैशाने केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला, गुडघ्यांना पट्टे बांधून, महामार्ग ओलांडून तीन किलोमीटरवरच्या केंद्रात नेले. केंद्र पहिल्या मजल्यावर होते. ती कठड्याला धरून चढली, ज्यांना तिने जन्मात पाहिलेले नाही अशा लोकांसाठी चार बटणे दाबून आली आणि खाली उतरल्यावर शाई लावलेले बोट मला दाखवताना ओशाळली, कारण माझे कोरे होते.

आता ते वृत्तवाहिनीवरचे गृहस्थ टक्केवारीचे कोष्टक दाखवतात तेव्हा त्यात मी कुठे धरला आहे, हे मला कोणी सांगेल का? मी न आलेला मतदारही नाही, कारण मी त्या यादीतच नाही. माझ्यासारखे किती, ते त्या टक्क्यात उमटतच नाही. उलट मेलेल्यांची आणि दुबार नावे यादीत तशीच राहिली, तर ती माणसे "मतदानाला आली नाहीत" म्हणून टक्का घसरतो आणि त्याचे खापर फुटते ते महाबळेश्वरला न गेलेल्या माझ्यावर. निवडणुकीआधी चौकाचौकांत जागृतीचे फलक लावले होते, शाळेच्या मुलांच्या फेऱ्या काढल्या होत्या. मला जागे करण्याची गरज नव्हती हो. मी दोन महिने टक्क जागा होतो.

निकालानंतर आठवड्याने पोचपावती घेऊन पुन्हा त्याच खिडकीशी गेलो. तोच मुलगा होता, त्याने मला ओळखलेही. "काका, निवडणूक झाली ना. आता हे काम बंद." मग सुरू कधी होणार? "पुढच्या वेळी. नवे प्रभाग, नवी यादी." हेच माझ्या अर्जावर लिहून द्या म्हणालो, तर तो हसला आणि मागच्या माणसाचा कागद घ्यायला हात पुढे केला.

परत आलो तेव्हा फाटकाशेजारच्या खांबावर तमाम मतदार बंधू-भगिनींचे आभार मानणारा चार चेहऱ्यांचा फलक लागला होता, आणि खाली चेंबर नेहमीप्रमाणे भरून वाहत होते. आई गॅलरीत उभी राहून ते बघत होती. मला म्हणाली, "अरे, आता याचं सांगायचं कुणाला? सूनबाईच्या चौघांना की माझ्या चौघांना?"