तीनातून सात जातात

आज सकाळी लेकीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर परिपत्रक पडलं. येत्या शनिवारी शाळेत 'जन्मजात प्रतिभा चाचणी'. मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेणार, ते मशीनमध्ये घालणार आणि मग चाळीस पानी रंगीत रिपोर्ट हातात: मूल कशात 'गिफ्टेड' आहे, डावा मेंदू किती, उजवा किती, पुढे डॉक्टर व्हायचं की चित्रकार. फी साडेतीन हजार, तीही म्हणे 'आपल्या शाळेसाठी खास सवलतीत'. माझा डबा भरून होईपर्यंत ग्रुपवर 'पेड', 'पेड', 'डन मॅम' अशी रांग लागली होती. एका बाबांनी तर विचारलं, धाकटा अजून बालवाडीत आहे, त्याचेही घेता येतील का?

डोकं फिरलं माझं. अहो, ठशांवरून चोर सापडतो, हुशारी कशी सापडेल? पत्रिका म्हटलं की नाक मुरडणारी माणसं ही, आणि बोटं दाखवायला साडेतीन हजार मोजतात. आपल्या लिस्टमधल्या कुणाला हे समजावायची गरज नाही, पण आपल्यापैकीही निम्म्यांनी 'शाळेनेच काढलंय तर भरून टाकू' म्हणत पैसे भरले असतील, याची मला खात्री आहे.

आता माझ्या भाच्याची गोष्ट ऐका. काहींनी आधी ऐकली असेल, तरी ऐका.

बहीण सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असते. भाचा तिसरीत होता. उदाहरण होतं 43 वजा 17. शाळेतली रीत आपल्याला पाठ आहे: तीनातून सात जात नाहीत, मग दशकाकडून एक उसना घ्या, तेरातून सात गेले सहा, वगैरे. या पोराने लिहिलं: 40 − 10 = 30. 3 − 7 = खाली 4. 30 − 4 = 26. उत्तर बरोबर. बाईंनी लाल पेनाने अख्खं उदाहरण खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'रीत चूक'. हा उठून म्हणाला, "बाई, तीनातून सात जातात. मावशीच्या लिफ्टमध्ये जातात." आमच्या बिल्डिंगला पार्किंगचे दोन मजले जमिनीखाली आहेत, लिफ्टमध्ये उणे एक, उणे दोन अशी बटणं आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत स्वारीने ती दाबून दाबून वॉचमनला वेड लावलं होतं. वर्ग हसला. हा बाहेर उभा. डायरीत शेरा: 'अभ्यासात लक्ष नाही. उलट बोलतो.'

ऋण संख्या आपल्या पुस्तकात सहावीत येतात. आठ वर्षांच्या पोराने त्या लिफ्टमध्ये शोधल्या, आणि शाळेने घरी निरोप धाडला की याला ट्यूशन लावा!

शाळांना हुशार मूल ओळखता येतं असं आपण धरून चालतो. त्यांना पहिला नंबर ओळखता येतो. वही स्वच्छ, गृहपाठ पूर्ण, विचारलं तेवढंच उत्तर. असं मूल गुणी असतं, त्याचं कौतुक करायलाच हवं. पण असामान्य बुद्धीचं मूल पुष्कळदा असं दिसतच नाही. दोन उदाहरणांत त्याला रीत कळते, उरलेली अठरा सोडवायचा त्याला कंटाळा येतो, मग ते खिडकीबाहेर बघतं, शेजारच्याला चिमटे काढतं, नाहीतर बाईंना नको तो प्रश्न विचारतं. अक्षर गचाळ, कारण डोकं हाताच्या पुढे पळतं. काहींना तर वाचन-लेखनाची खरीखुरी अडचण असते, डिस्लेक्सिया असतो, आणि तरी तोंडी विचारलंत तर थक्क करतील. अशी मुलं दोन्हीकडून मारली जातात: हुशारी झाकल्यामुळे 'ढ' ठरतात, आणि हुशारीच्या जोरावर कसंबसं पास होतात म्हणून अडचणही कुणाला दिसत नाही. मुली तर गप्प राहायला लवकर शिकतात. आणि ज्याच्या घरी पावरी किंवा गोंडी बोलतात, त्या पोराची हुशारी मराठी प्रश्नपत्रिकेत कुठून दिसणार?

मग ओळखायचं कसं? वेळ देऊन. दुसरा उपाय नाही. बाईंनी वर्षभर बघायचं, आईबाबांना नीट विचारायचं, मुलाने स्वतःहून काय केलंय ते बघायचं, आणि मग गरज वाटली तर बुद्धिमापन, तेही प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडून, एकट्या मुलाला समोर बसवून. बहिणीने भाच्याला नेलं होतं. मानसशास्त्रज्ञ बिनेची चाचणी कामतांनी मराठी आणि कानडीत आणली, ती बिने-कामत चाचणी, नऊ दशकं होत आली तिला, अजून वापरतात. मूळची चाचणी बिनेने पॅरिसमध्ये केली. 1905 साली केली ती कुणाला मदत लागेल हे शोधायला. हुशारांची यादी लावायला नव्हे. अशा चाचण्यांत बुद्ध्यंक 100 म्हणजे सर्वसाधारण, आणि 130 च्या वर शंभरात दोनेक मुलं जातात. भाच्याचा आकडा सांगणार नाही. बहिणीने सासरीही सांगितलेला नाही, शहाणी आहे.

पण आकड्याचंही देव्हाऱ्यात ठेवण्याइतकं काही नाही. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1921 पासून आकडा बघून सुमारे 1500 हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्या चाळणीतून दोन पोरं खाली पडली, शॉकली आणि अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही! म्हणून तर रेंझुलीसारखे अभ्यासक म्हणतात की नुसती बुद्धी पुरत नाही, कल्पकता हवी आणि एखाद्या गोष्टीला चिकटून राहायची ओढ हवी. ही ओढ कुठल्या ठशात दिसते, ते त्या मशीनवाल्याने मला दाखवावं.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही, तेही सांगते. पुण्यात आप्पा पेंडशांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी काढली आणि 1969 पासून प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला चालू आहे, पाचवीला चाचण्या घेऊन प्रवेश देतात. 'हुशारांची वेगळी शाळा कशाला' असं म्हणणारे आहेत, त्यात थोडं तथ्य आहे, पुढे चला. नवोदय विद्यालयांत 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, सहावीपासून राहणं-खाणं-शिकणं सरकारी खर्चाने; चांगलीच योजना. स्कॉलरशिपच्या परीक्षेतल्या बुद्धिमत्तेच्या पेपरने खेड्यापाड्यातली कितीतरी पोरं वर काढली, मान्य. पण त्या पेपरचं आपण काय केलं? रट्टा. ज्याची तयारी करता येऊ नये म्हणून तो पेपर काढला, त्याची दोन-दोन वर्षं तयारी घेतात, आणि मग चौकात फ्लेक्स. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 1963 पासूनची, दहावीच्या कितीतरी पिढ्या तिने घडवल्या, ती 2021 नंतर थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. कुणी हूं की चूं केलं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात मात्र छान लिहिलंय: विशेष कल असलेल्या मुलांना अभ्यासक्रमाच्या पुढे जाऊ द्या, शिक्षकांना अशी मुलं ओळखायचं प्रशिक्षण द्या, बीएडलाही तो विषय ठेवा. वाचायला फार बरं वाटतं.

जरा शांत होते. तिसरीच्या त्या बाईंवर मला खरंतर तेवढा राग नाही. वर्गात पन्नासच्या वर पोरं, मतदार याद्या त्यांनीच करायच्या, सर्वेक्षणं त्यांचीच, पोषण आहाराचा हिशेब त्यांचाच, आणि ऑनलाइन माहिती रात्री बारापर्यंत भरायची. त्यात एक पोरगं उठून लिफ्टचं सांगतंय. त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं की असं पोरगं उठलं तर काय करायचं.

चौथीच्या बाईंनाही कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी भाच्याची तिसरीची वही चाळली, 'खाली चार'पाशी थांबल्या आणि त्याला बोलावून विचारलं, "मग शून्यातून दहा?" हा म्हणाला, "खाली दहा. पण लिफ्ट तिथवर जात नाही, खणावं लागेल." बाईंनी सहावीच्या सरांशी बोलून आठवड्यातले दोन गणिताचे तास याला तिकडे बसवलं. बाकी सगळं आपल्या वर्गात, खेळ, डबा, मारामाऱ्या, सगळं. वर्गातल्या वीस उदाहरणांऐवजी त्याला शेवटची तीन अवघड द्यायच्या. ती आली तर बाकीची माफ. खर्च? शून्य रुपये. पोराच्या डायरीतले शेरे बंद झाले. रात्री झोपेत गणितं बडबडायचा, बहीण फोनवर हसत सांगायची.

मग मुख्याध्यापकांना कळलं. "हजेरी एका वर्गाची आणि मूल दुसऱ्या वर्गात? तपासणीला काय सांगू? आणि उद्या सगळेच पालक मागतील." बंद! धोरणात मनाई असेल तर दाखवा ना सर, कुठल्या पानावर आहे? सगळ्या पालकांनी मागितलं तर मागू देत की. ज्याला झेपेल तो बसेल, ज्याला नाही झेपणार तो दोन दिवसांत परत येईल.

आणि हेच मुख्याध्यापक ठसेवाल्याला हॉल उघडून देतील, हे मी लिहून देते.

तेव्हा शनिवारचे साडेतीन हजार वाचवा, आणि पुढच्या पालकसभेत बाईंना गाठून 'किती मार्क पडले' सोडून दुसरं काहीतरी विचारा. माझं मूल वर्गात कशाने कंटाळतं? ज्यात पुढे आहे, त्या एका तासाला वरच्या वर्गात बसू द्याल का? येतंय ते पुन्हा पुन्हा लिहून घेण्याऐवजी अवघड द्याल का? अख्खी इयत्ता उडवायचा हट्ट मात्र धरू नका, तो निर्णय फार जपून घ्यायचा असतो. आणि आपल्या मुलासारखी चार पोरं कुठे भेटतील ते शोधा. कारण या मुलांना सगळ्यात जास्त उणीव सोबतीची असते, आणि नेमकी तीच शाळेला दिसत नाही. पुण्यात असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची शनिवारची शाळकरी मुलांची व्याख्यानं आहेत, गणितवेड्यांना गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली काढलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. गावात असाल तर ग्रंथालय गाठा, निवृत्त मास्तर गाठा. भाच्याला असेच एक निवृत्त मास्तर मिळालेत, रविवारी त्यांच्या ओसरीवर दोघं भांडत बसतात. परवा कशावरून तर अनंतातून अनंत गेलं तर उरतं काय. मास्तरांनी घरी निरोप पाठवला, पोरगं उलट बोलतं, रोज पाठवा.

कमेंटमध्ये क्लासचे नंबर टाकू नका, उडवीन. तुमच्या शाळेत त्या चौथीच्या बाईंसारखं कुणी असेल तर मात्र गावासकट लिहा. बाईंचं नाव नको, फक्त गाव. उगाच तपासणी लागायची.