चांदणी, हॅश, शून्य, सहा, हॅश

मोबाइल चोरीला गेला की तक्रार लिहून घेणारे विचारतात, "आयएमईआय नंबर?" आपण बाणेदारपणे दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवतो. "तो सिमचा. हँडसेटचा सांगा." जो नंबर बघायला फोन लागतो, तोच फोन गेल्यावर मागतात. यापुढे मला तरी शब्द सुचत नाहीत.

एरवी हा पोरखेळ आहे. डायलपॅडवर *#०६# दाबा. हिरवं बटण नको, बॅलन्स नको. शेवटचा हॅश पडला रे पडला की १५ आकडे हजर. दोन सिमच्या फोनला दोन नंबर, पण मंडळी एकच उतरवून घेतात आणि निर्धास्त झोपतात. काही हुशार तर स्क्रीनशॉट काढून त्याच फोनात ठेवतात. किल्ली आत ठेवून लॅच ओढणारे ते हेच.

पहिले ८ आकडे मॉडेलचे, पुढचे ६ त्या नगाचे. पंधरावा म्हणजे समोरच्या ब्लॉकमधल्या काकू: बाकीच्या चौदांवर लक्ष ठेवणाऱ्या. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे आकडे दुप्पट करायचे, दुप्पट दोन आकडी झाली तर त्या दोघांची बेरीज घ्यायची, मग सगळे चौदा मिळवायचे. ५२ आले तर ६० ला कमी पडतात ८, तोच पंधरावा. एक आकडा जरी चुकला तरी काकूंना कळतं. फक्त शेजारशेजारचे ० आणि ९ उलटे झाले, तर तेवढ्यापुरता त्यांचा डोळा लागलेला असतो.

फोन गेल्यावर भिस्त खोक्यावर. त्यात एव्हाना बटणं आणि सेफ्टीपिना राहायला आलेल्या असतात. थर्मल कागदाचं बिल कोरं पडलेलं. मदरबोर्ड बदलला असेल तर खोक्यावरचा नंबरही बाद.

नंबर सापडलाच, तर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र चढवून फोन ब्लॉक करता येतो; दोन नंबर असतील तर दोन्ही घाला. मात्र ओटीपीसाठी आधी त्याच मोबाइल नंबरचं डुप्लिकेट सिम काढा. ते चालू झाल्यावर सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असतात, तेव्हा ओटीपीची वाट बघत दुकानदाराशी भांडू नका. आलेला रिक्वेस्ट आयडी कागदावर लिहा. फोन परत मिळाला तर हा आयडी घालूनच अनब्लॉक करायचा असतो; नाहीतर सापडलेला फोन हातात धरून "रेंजच येत नाही हो" म्हणत गॅलरीत फिरावं लागतं.